काकांची फौज आणि काकांची शीळ

स्वतःच्या रोगप्रतिकारशक्तीवर आमच्या घरमालक काकांइतकं प्रेम करणारा माणूस अख्ख्या उज्जैनमध्ये सापडणार नाही. लोक नातवंडांचं कौतुक सांगतात, काका आपल्या इम्युनिटीचं सांगत. माधव नगरात त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत मी कॉलेजसाठी भाड्याने राहते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे सुरुवातीला मला सगळ्यांचंच बोलणं खरं वाटायचं, काकांचं तर फारच. त्यांनी कंपाउंडवर चढवलेली गिलोय, म्हणजे गुळवेल, माझ्या खिडकीतून आत डोकावायची. रोज सकाळी तिचा काढा उकळायचा आणि दूधवाला असो की मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस, तो प्यायल्याशिवाय कोणाची सुटका नसे. "पी बेटा, अंदरची फौज तगडी पाहिजे!" एक ऑटोवाला तर पुढे पुढे सवारी गल्लीच्या तोंडाशीच उतरवू लागला.

काका रेल्वेत गार्ड होते. रिटायर झाल्यावर हातातली शिट्टी गेली, पण ओठांची शीळ राहिली. सकाळी गेटपाशी उभे राहून ते शिळेवर भूपाळी म्हणत, तेव्हा गल्लीतली कुत्रीही भुंकायची थांबत. माझा पेपर असला की खांद्यावरचा हिरवा नॅपकिन हलवून एक लांब शीळ देत. "लाइन क्लिअर! निघ!" पहिल्या पेपरच्या दिवशी माझे पाय गेटपाशी अडखळले होते, ते त्या शिळेनेच पुढे पडले. तेव्हापासून ती ऐकल्याशिवाय मी पेपरला गेले नाही.

मग त्यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दुसरा कोणी घाबरला असता. काका खूश झाले. "लढाई चालू आहे. रक्त तर निघणारच ना?" ब्रश लावला की जास्त रक्त येई, म्हणून त्यांनी ब्रशच बंद केला. "जखमेवर कोणी झाडू मारतं का?" काढा मात्र दुप्पट झाला, त्यात गूळही वाढला. काकू वैतागत. "दिवसभर फौज, फौज! तोंड आहे की छावणी? फ्रीगंजात दातांचा डॉक्टर बसतो, जाऊन तर या." काका शीळ घालत अंगणात निघून जात.

तिसऱ्या वर्षी आम्हाला सूक्ष्मजीवशास्त्रात हिरड्यांचा आजार शिकवला. वर्गात सगळे लिहीत होते, मी पेन खाली ठेवून काकांचा विचार करत बसले. संध्याकाळी दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. इतक्या मोठ्या माणसाला मी काय सांगणार? शेवटी सांगितलं. दातांवर जंतूंचा थर बसतो. तो रोज घासून काढला नाही, तर अंदरची फौज तिथेच तळ ठोकते, लढणं थांबवत नाही. आणि त्या लढाईत दात धरून ठेवणारं हाड झिजत जातं.

काकांनी हातातला काढ्याचा पेला खाली ठेवला.

"म्हणजे माझीच माणसं?"

"तुमचीच, काका. ती वाचवायलाच आली होती."

"आणि मी त्यांना गूळ घालून काढा पाजत बसलो." ते हसायला गेले. तेव्हा समोरचे दात हलताना मला दिसले.

दुसऱ्या दिवशी ते काकूंबरोबर फ्रीगंजात गेले. मागचे दात डॉक्टरांनी साफ करून वाचवले. वरचे समोरचे चार काढावे लागले. गेलेलं हाड परत येत नाही, हे मला पुस्तकातून माहीत होतं. हा धडा पहिल्या वर्षाला असता तर, असं अजून मनात येतं. तेव्हा काकांनी ऐकलं असतं का, कोण जाणे.

आता काका दोन वेळा ब्रश करतात, नेम असल्यासारखा. काढ्याच्या पेल्यात रात्री त्यांची कवळी असते. गिलोय काकूंनी छाटली, माझ्या खिडकीत भरपूर ऊन येतं. सकाळी मात्र कुत्री मनसोक्त भुंकतात.

परवा माझा शेवटचा पेपर होता. सवयीने गेटपाशी थांबले. काकांनी नॅपकिन हलवला, कवळी काढून खिशात टाकली, ओठ जुळवले आणि फुंकर मारली. नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा फुंकलं, पुन्हा हवाच.

"सिग्नल फेल आहे ग," ते हळूच म्हणाले. "तू निघ. लेट होशील."

"ऐकू आली, काका," मी म्हणाले आणि निघाले. गल्लीच्या वळणावर मागे पाहिलं, तर ते अजून ओठ जुळवून बघत होते.