त्याचा नकार
कार्बन पेपरचा वास आला की अंधेरीतली आमची खोली आठवते. तेव्हा पटकथालेखकांचा संप होता. गोष्ट ऐकवायला हरकत नव्हती, सही मात्र करायची नव्हती. मी आणि माझा खोलीतला मित्र, दोघेही नवखे, निळ्या बोटांनी नकला काढून एका मध्यस्थाकडे गेलो. माझी पटकथा ऐकताना त्याने तीनदा जांभई दिली. मित्राची ऐकून म्हणाला, "झकास! निर्माता तयार आहे, सही कर." मित्र म्हणाला, "संप मिटू दे ना, साहेब." बाहेर येताच मी भडकलो, "येडा आहेस का रे?" तो म्हणाला, "आपण संपावर आहोत ना यार!" आपण? संपावर तो एकटाच होता. मला काम देतंय कोण? पुढे त्याचे सिनेमे लागले, तेही मी सोसले. तो नकार मात्र अजून सोसवत नाही.