टोलिव्हरबाईंची गुलाबी चिठ्ठी

लव्हिनिया टोलिव्हर यांच्या स्वयंपाकघराची भिंत पोटुशी बाईसारखी फुगली होती. शेजारचे घर ओसाड होते, त्याचे छप्पर खचले होते, आणि भिंत दोन्ही घरांची एकच होती. पेनसिल्व्हेनियातल्या त्या जुन्या शहरात अशी जोडघरे गल्लोगल्ली आहेत.

वसंतात शहराच्या हिशेबतपासनिसाच्या निवडणुकीची पहिली फेरी आली. तिथे हा अधिकारी लोकच निवडतात. या फेरीत पक्षाचा उमेदवार ठरतो; तो ठरला की नोव्हेंबरचे अखेरचे मतदान नुसता सोपस्कार. वॉर्डाचे पुढारी ग्रेडी म्हणाले, "मिस लव्हिनिया, तुमच्या गल्लीची मतं आपल्या उमेदवाराला, हॅस्केलला, द्या. थंडीच्या आत ते घर पाडून घेतो."

न्हाव्याच्या दुकानात मतदान केंद्र असे; अनेक वर्षे लव्हिनियाबाई त्याच्या दारात गुलाबी चिठ्ठ्या वाटत आल्या होत्या. चिठ्ठीवरचे नाव आत ताडून गल्ली त्यालाच मत देई.

मतदानाच्या दिवशी गल्लीतला म्हातारा ओडेल हसत म्हणाला, "हिशेबतपासनीस? माझ्या खिशात तपासायला भोकच आहे! आणा चिठ्ठी."

मागून बीझली नावाची तरुण शेजारीण कुजबुजली, "मावशी, ती विरुद्धची उमेदवार ड्युप्री म्हणते, धोक्याची घरं का पाडत नाहीत ते मी तपासणार. तिच्या भाषणात तुमची भिंत होती."

लव्हिनियाबाईंचा हात थबकला. मग चिठ्ठी पुढे गेली.

हॅस्केल जिंकले. शेजारचे घर तसेच उभे होते. ऑगस्टमध्ये लव्हिनियाबाई ग्रेडींकडे गेल्या.

ग्रेडी म्हणाले, "अहो, हिशेबतपासनीस हिशेब तपासतो, घरं पाडत नाही. मी शब्द टाकला होता."

"मग कबूल का केलंत?"

"त्यावरच मतं दिलीत ना? मग का कबूल केलं, ते विचारता कशाला?"

ऑक्टोबरच्या पावसात भिंत कोसळली. चूल, टेबल, भांडी विटांखाली गेली. त्या तेव्हा चर्चमध्ये होत्या, म्हणून वाचल्या. बहिणीकडे आश्रय घ्यावा लागला.

नोव्हेंबरमध्ये अखेरचे मतदान होते. त्या बसने आल्या आणि दुकानासमोर उभ्या राहिल्या. हात रिकामे होते.

"चिठ्ठी?" ओडेलने विचारले.

"या वेळी नाही. आत जाऊन नावं वाचा आणि पटेल त्याला द्या."

ओडेल जवळ सरकून हलक्या आवाजात म्हणाला, "मिस लव्हिनिया, वाचता आलं असतं, तर इतकी वर्षं तुमच्यापुढे हात पसरला असता का?"

तो मत न देताच परतला. त्याच्यामागून आणखी काही जण परतले. गल्लीच्या टोकाला उघड्या पडलेल्या स्वयंपाकघरावर निळी ताडपत्री फडफडत होती. लव्हिनियाबाई संध्याकाळपर्यंत दारात उभ्या होत्या. कुणी त्यांच्याकडे पाहिले नाही.