घर कोणाचं, हे विचारणारे काकाजी

"ऊन पायरीवर आलं, बोला लवकर," असं म्हणत काकाजी दाराकडे बघायचे. शिरपूर जैनमध्ये ते कर सल्लागार होते. सूर्य मावळल्यावर ते अन्नपाणी घेत नसत, त्यामुळे संध्याकाळी येणाऱ्याला भरभर बोलावं लागे. असा घड्याळाऐवजी उन्हावर चालणारा माणूस तुम्हीही कुठे पाहिला असेल.

पहिल्यांदाच घर भाड्यानं देऊ पाहणाऱ्याला ते आधी विचारत, "भाडेकरू भेटला नाही त हप्ता कोन भरीन?"

केनवडचा एक दुकानदार वैतागला होता. "काकाजी, शुभ बोला न!"

"शुभ तू बोल बापा. मी हप्त्याचं बोलतो."

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. नोकरी लागताच गच्चीवर दोन खोल्या काढून शाळेतल्या शिक्षकांना भाड्यानं द्यायचं ठरवलं. घर गहाण ठेवून कर्ज घेण्यासाठी बँकेत अर्ज केला आणि आईबाबांना घेऊन काकाजींकडे गेलो.

"वर्षाच्या भाड्यातून भरलेला घरटॅक्स काढ. उरलं त्याच्यातले शंभरातले तीस सरकार दुरुस्तीसाठी सोडते, पावती मांगत नाही. मंग कर्जाचं व्याज काढ. निस्तं व्याज, मुद्दल नाही. राह्यलं ते कमाईत धर."

इतकं सोपं? मी बघतच राहिलो.

"घर कोनाच्या नावावर?"

"आईच्या."

"कर्ज?"

"माह्या."

"मंग भाडं तिचं, व्याज तुह्यं. व्याजाची वजावट कोनालेच नाही."

बाबा हसले. "काकाजी, आमची चूल एकच आहे. तुमी आमाले वेगळे काहून करून राह्यले? ती करते न सही."

बाईच्या नावावर नोंदणी केली की सवलत मिळते, म्हणून घर आईच्या नावावर होतं. त्यापलीकडे ते तिचं आहे, असं आमच्या कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

काकाजी आईकडे वळले. "वहिनी, हप्ते थकले त बँक तुमच्या घरावर येईन. ठेवाचं का गहाण?"

"मले काय समजते?"

"समजते तेवढं सांगा."

बाबा मध्ये बोलायला गेले, तर काकाजींनी हातानंच थांबवलं. ऊन पायरीवरून उतरलं, समोरच्या भिंतीवर चढलं. घरून ताट वाढल्याचा निरोप आला. "उचलून घ्या," एवढंच ते म्हणाले. आज त्यांना घाई नव्हती.

रस्त्यावरचे दिवे लागले तेव्हा आई बोलली. "दोन नको. एकच खोली बांधा. रिकामी राह्यली तरी पोराच्या पगारात हप्ता निंघला पाह्यजे. अन् कर्जात माह्यं बी नाव लावा."

"हे झालं मालकिणीचं बोलनं," काकाजी म्हणाले.

त्या रात्री ते उपाशी झोपले, हे मला घरी पोचल्यावर उमगलं. माझ्या आईच्या एका उत्तरासाठी!

नव्या अर्जात आईचं नाव पहिलं आलं. भाडं तिच्या खात्यात येतं, हप्ता तिथूनच जातो.

यंदा काकाजी गेले. त्यांच्या घरच्यांना भेटायला आईही आली. बायकांच्या खोलीत कुणीतरी विचारलं, "तुमी कोन, बाई?" अशा वेळी आई नेहमी बाबांचं, नाहीतर माझं नाव सांगायची.

ती म्हणाली, "मी त्याहिची गिऱ्हाईक. माह्या घराचं काम तेच पाहात."