रक्ताच्या गोळ्या

त्या दुष्काळात आम्ही मेंढरं विकून देवगाव रंगारीकडून शहरात आलो. लष्कराच्या छावणीच्या पुढं नव्या बिल्डिंगी उठत होत्या. तिथंच मजुरी आणि तिथंच पत्र्याच्या खोलीत ऱ्हाणं. सासू, दीर, जाऊ, नवरा आणि मी. पाण्याचा टँकर यायचा तो सिमेंटसाठी, उरलंसुरलं आम्हाला.

मला दिवस गेले होते. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं आणि एचआयव्ही निघाला. मग नवऱ्याचं तपासलं, त्यालाही तेच. तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "रोज एक गोळी घ्यायची. चुकवली नाही तर बाळ बहुतेक रोगातून वाचतं." बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "घरात बोलू नको." लई शहाणा. रोग आणताना कुणाला विचारलं नव्हतं.

मी बाटलीवरचा कागद खरवडला आणि सासूला सांगितलं, रक्तवाढीच्या गोळ्या हायेत.

जाऊपण तेव्हा पोटुशी होती, फिकट पडलेली. सासू वाटणीत काटेकोर. भाकर असो का पाणी, दोघी सुनांना सारखंच. एक दिवस कामावरून आले तर बाटली अर्धी.

"निम्म्या तिला दिल्या. तिलाबी रक्त नको व्हय?"

बोलावं तर घर तुटतंय, गप बसावं तर पोटातलं जातंय. जीव नुसता टांगणीला. जाऊ म्हणायची, "तुझी गोळी घेतली की गरगरतंय गं." मी तिला घेऊ नको म्हणलं, तर सासू म्हणाली, "जळती का तिच्यावर?"

शेवटी जाऊच एक गोळी पदराला बांधून दवाखान्यात विचारायला गेली. माघारी आली. उरलेल्या गोळ्या माझ्या पदरात टाकल्या.

"तुझ्या तुला. आत्याबाईंना मी काय बोलले नाय."

मला रडू फुटलं. मी तिचा हात धरायला गेले, तर तिनं हळूच मागं घेतला.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. जाऊनं तिचा एकटीचा हंडा भरून कोपऱ्यात ठेवला, वर ताटली झाकली. सासू बघतच ऱ्हायली.

"या घरात पाण्याची वाटणी कधीपासून?"

मी आमच्या जुन्या हंड्यातलं पाणी घेतलं, सासूच्या देखत गोळी गिळली आणि म्हणलं, "आत्याबाई, बसा. सांगते."