डॉक्टरकाकांचा क्लब आणि पाण्यातले देव

काळजी करण्याच्या बाबतीत आमच्या डॉक्टरकाकांचा हात धरणारा माणूस मी तरी न्यू जर्सीत पाहिलेला नाही. आणि ज्या पिस्कॅटवेत निम्म्या लोकांना व्हिसाची आणि उरलेल्यांना मुलांच्या कॉलेजची काळजी, तिथे राहून हे विधान मी विचारपूर्वक करतो आहे. आमच्या काळज्या निदान आमच्या होत्या. काकांची काळजी समुद्रापलीकडची होती. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एक लहानसं गाव आहे, त्या गावात एक फुटबॉल क्लब होता, आणि तो यंदा तरी तगतो की नाही या विवंचनेत पिस्कॅटवेतला हा भूलतज्ज्ञ वर्षानुवर्षं झुरत होता. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांना झोपवलं आणि स्वतःची झोप मात्र त्या अकरा जणांच्या पायांशी नेऊन ठेवली.

काका मूळचे साताऱ्याचे. अमेरिकेला येण्याआधी काही वर्षं ते त्या आयरिश गावातल्या हॉस्पिटलात होते. लग्न झालेलं नव्हतं, ओळखीचं कुणी नव्हतं आणि रविवारी गावातली दुकानंही बंद. अशाच एका रविवारी त्यांनी खिडकीतून पाहिलं, तर काळे कोट घातलेली माणसं मान खाली घालून, अवाक्षर न बोलता, एकाच दिशेनं चाललेली. काकांना वाटलं, गावातलं कुणी मोठं माणूस गेलं. आपण हॉस्पिटलचे, न जाणं बरं दिसणार नाही, म्हणून त्यांनीही कोट चढवला आणि चेहरा पाडून मागोमाग निघाले. पोचले ते मैदानावर. तिथे भर पावसात फुटबॉल चालला होता आणि गावचा क्लब सपाटून मार खात होता, त्यामुळे चेहरा बदलायची गरज पडली नाही. शेजारच्या माणसानं थर्मासमधला चहा त्यांच्या हातात दिला. तू कोण, कुठला, इथे कशाला आलास, असलं काही त्यानं विचारलं नाही. ‘आज आपली काही धडगत नाही,’ एवढंच म्हणाला. ही गोष्ट काका मला महिन्यातून एकदा तरी सांगत आणि इथे आले की थांबत. ‘आपली म्हणाला रे तो,’ ते म्हणत. ‘त्या देशात तोवर मला कुणी आपल्यात धरलं नव्हतं.’ तो चहावाला पुढे क्लबचा सेक्रेटरी झाला आणि काका जन्माचे अडकले.

क्लबचा इतिहास त्यांना तोंडपाठ होता. पहिला सामना कुणाशी झाला, पहिला गोलकीपर पोटापाण्यासाठी काय करायचा (तो खाटीक होता), मैदानाचं मोठं फाटक कुठल्या वादळात उडालं, हे सगळं ते पाढे म्हणावेत तसं म्हणत. हा इतिहास मुख्यतः पराभवांचा होता. विजयांचा भाग चहा उकळेपर्यंत संपत असे. काकांच्या जन्माआधी केव्हातरी क्लब एकदाच कपच्या फायनलला पोचला आणि हरला. त्या फायनलचं वर्णन ते आपल्याकडे पानिपतचं करतात तसं करत. वारा फिरला नसता तर, सेंटर फॉरवर्डचा गुडघा आदल्या रात्री सुजला नसता तर, कुमक वेळेवर आली असती तर. कुमक म्हणजे बदली खेळाडूंची गाडी, ती वाटेत बंद पडली होती. एकदा महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला त्यांनी हे इतक्या तळमळीनं सांगितलं, की मुलाकडे राहायला आलेल्या एका आजींनी डोळे पुसले आणि ‘पेशवे स्वतः नव्हते ना हो तिथे?’ असं विचारलं. काका म्हणाले, ‘नव्हते. तिथेच तर घोळ झाला.’

घरातल्या तारखासुद्धा क्लबवरूनच ठरत. ‘ताईचा जन्म ना? आपले दोन्ही गोलकीपर एकाच आठवड्यात जायबंदी झाले, त्या मोसमातला.’ ही ताई, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला असते. ती फोनवर म्हणे, ‘बाबा, प्लीज, नॉट अगेन.’ काकूंनी मात्र लग्न होऊन आल्यावर वर्षभरातच हात टेकले होते. ‘सवत आहे ती माझी,’ त्या मला म्हणत, ‘पण गरीब आहे बिचारी, म्हणून काही बोलत नाही.’

माझी नि काकांची गाठ मंडळातच पडली. साल २००१. आमच्या कंपनीत दर सोमवारी कुणाचं तरी टेबल रिकामं दिसायचं, आणि मी इतका धास्तावलो होतो की जेवणाच्या रांगेतसुद्धा पुढे सरकायला कचरत होतो. काकांनी माझा चेहरा पाहिला आणि आपल्या पंथाचा माणूस सापडल्यासारखे खूश झाले. ‘कॉम्प्युटरवाला ना तू? आयर्लंडच्या मॅचचा रिझल्ट त्यात दिसतो का रे?’ तोवर त्यांची सगळी भिस्त पोस्टावर होती. सेक्रेटरी गावच्या पेपरातली कात्रणं पाठवायचा, ती पंधरवड्यानं पोचायची, म्हणजे काकांची काळजी कायम पंधरा दिवस शिळी असे. तिकडे क्लब एखादी मॅच जिंकून मोकळा झालेला असे आणि इकडे काका आधीच्या पराभवाचं सुतक पाळत बसलेले असत. मी त्यांना ताजी काळजी पुरवू लागलो. हा उपकार होता की अपकार, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मॅच शुक्रवारी संध्याकाळी असायची, म्हणजे आमच्याकडची दुपार. पावणेतीन झाले की माझ्या ऑफिसातला फोन वाजे. ‘काही कळलं का?’ स्कोअर एकदम सांगायचा नाही, असा दंडक होता. आधी तिथली हवा कशी आहे ते सांगायचं, मग दोन क्षण थांबायचं, काकांचा श्वास जागेवर आला की मग स्कोअर. आज जिंकू, असं चुकूनही म्हणायचं नाही. एकदा मी उत्साहाच्या भरात बोलून गेलो, ‘काका, टू-निल आहे, जिंकलोच समजा.’ त्यांनी फोन खाली ठेवला. शेवटी बरोबरी झाली, आणि पुढचा आठवडाभर काका माझ्याशी अगदी सभ्यपणे वागले. माझ्या अमेरिकन मॅनेजरला वाटे, याच्या घरी कुणीतरी सीरियस आहे. दर शुक्रवारी तो माझ्या टेबलापाशी येऊन हलक्या आवाजात विचारी, ‘तुझ्या पेशंटचं कसं आहे?’ आणि मी खरं तेच सांगे, ‘टिकून आहे.’

थट्टा बाजूला ठेवून एक गोष्ट सांगायला हवी. त्या वर्षाच्या शेवटी माझंही टेबल रिकामं झालं. नोकरी नाही, म्हणजे व्हिसाचं काही खरं नाही, आणि घरी फोन करून सांगायची हिंमत नाही. त्या दुपारी काका-काकू माझ्या अपार्टमेंटवर आले. काकूंनी डबा आणला होता, काकांनी क्लब. एका मोसमात आपण सुरुवातीपासून तळाला होतो, लोक हसायचे, तरी शेवटी लीगमध्ये कसे राहिलो, ते त्यांनी मला सविस्तर सांगितलं. ‘तळाला असणं आणि संपणं यांत फरक असतो,’ ते म्हणाले. पुढे मला नोकरी मिळाली. त्या वाक्याचा तिच्याशी काही संबंध नव्हता, पण त्या दिवसांत मी त्याच्या आधारानं झोपलो हेही खरं.

२००६ साली मात्र तो फरकच पुसला जायची वेळ आली. सेक्रेटरीनं कळवलं, की लीग लहान होणार आहे आणि तळाच्या क्लबला वगळणार आहेत. गावातली तरुण पोरं शहरांकडे गेलेली, कमिटीत सगळे म्हातारे. कमिटीनं ठरवलं होतं, लीगमधून गेलो तर क्लब बंद करायचा. शेवटची एक मॅच उरली होती. ती जिंकली तरच क्लब राहणार होता. काकांनी जेवण अर्ध्यावर आणलं. काकू दिवसातून दोनदा त्यांचं ब्लडप्रेशर घेऊ लागल्या आणि आकडा त्यांना न सांगता मला सांगू लागल्या, त्यामुळे माझंही वाढलं.

मॅचच्या आधीच्या रविवारी मी त्यांच्याकडे पोहे खायला गेलो होतो. काका स्वतःला नास्तिक म्हणवत. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली, तेव्हा काकूंनी देव पाण्यात ठेवू का म्हणून विचारलं होतं, तर हे ऑपरेशनच्या कपड्यात पडल्या पडल्या त्यांना रागावले होते. तेच काका बशीतल्या पोह्यांकडे बघत म्हणाले, ‘अगं, ते देव पाण्यात ठेवतात ना, ते आपल्याला ठेवता येतील का?’

काकूंनी हातातला झारा खाली ठेवला. ‘तुमच्या बायपासला नको म्हणालात.’

‘तेव्हा सर्जन चांगला होता,’ काका म्हणाले. ‘इथे आपला डिफेन्स चांगला नाही.’

काकूंनी अंघोळ केली होतीच. माहेरून आणलेला पितळी गणपती, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण देव्हाऱ्यातून काढून त्यांनी स्टीलच्या पातेल्यात पाणी भरून त्यात ठेवले. आता मनातलं पुरं होईपर्यंत ते बाहेर काढायचे नाहीत. संकल्प करताना मात्र त्या अडल्या. ‘क्लबाचं गोत्र काय सांगू?’

‘माझंच सांग,’ काका म्हणाले.

शुक्रवारी पावणेतीनला फोन आला. ‘हवा कशी आहे?’

‘काका, मॅच नाहीये आज. पोस्टपोन केली. दोन दिवस पाऊस पडतोय, ग्राउंडवर पाणी साचलंय.’

काका खोल आवाजात म्हणाले, ‘किती पाणी?’

संध्याकाळी जाऊन पाहतो, तर काका पातेल्यासमोर खुर्ची टाकून बसलेले. देव पाण्यात आणि मैदानही पाण्यात, याचा अर्थ लावायला त्यांना नास्तिकपणा आड आला नव्हता. ‘हे आपण केलं,’ ते मला म्हणाले. देव बाहेर काढावेत तर संकल्प मोडतो, ठेवावेत तर तिकडचा पाऊस थांबत नाही. मी म्हटलं, ‘काका, नोव्हेंबरात आयर्लंडला पाऊस पडतोच की.’ त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी वैज्ञानिक दृष्टिकोन तिथेच मागे घेतला. शेवटी काकूच उठल्या. वाटीनं पातेल्यातलं बरंचसं पाणी त्यांनी सिंकमध्ये ओतलं. गणपतीचं पोट उघडं पडलं, बाळकृष्णाचे गुडघे दिसू लागले. ‘घोट्याएवढं ठेवलंय,’ त्या म्हणाल्या. ‘एवढ्यात खेळता येतं त्यांना.’

पुढच्या शुक्रवारी मॅच झाली. पावणेतीन वाजले, तीन वाजले, काकांचा फोन आला नाही. मी स्क्रीनसमोर एकटाच बसून होतो, आणि आयुष्यात कधी न पाहिलेल्या त्या गावासाठी दर मिनिटाला पान रिफ्रेश करत होतो. आम्ही एका गोलनं हरलो. ऑफिसातून निघून मी सरळ त्यांच्या घरी गेलो. काका अंगणात झाडाची पानं गोळा करत होते. त्यांनी विचारलं नाही. मी गाडीतून उतरून त्यांच्यापर्यंत चालत गेलो, तेवढ्यात त्यांनी माझा चेहरा वाचला असावा.

‘सांगू नकोस,’ ते म्हणाले. ‘पोस्टानं येईल ते. पूर्वी नाही का यायचं?’

मी वाकून मूठभर पानं उचलली आणि ढिगावर टाकली.

‘पेशंटला उठवायची घाई मी कधी केली नाही,’ काका दाताळ्यावर हात टेकून म्हणाले. ‘पंधरा दिवस झोपू दे त्याला.’

आत जाऊन मी काकूंना मानेनंच नाही म्हणून सांगितलं. त्यांनी पदरानं डोळे टिपले, आणि पातेल्यातलं पाणी बदललं. रोज बदलत राहिल्या. तिकडे कमिटीची शेवटची सभा झाली, फाटकाला कुलूप लागलं, हे मी इंटरनेटवर वाचत होतो. पण पिस्कॅटवेत, काकूंच्या स्वयंपाकघरात, क्लब अजून लीगमध्ये होता. पुढच्या शुक्रवारी मॅनेजरनं (नव्या कंपनीतला हाही पेशंटची चौकशी करत असे) विचारलं, ‘पेशंट कसा आहे?’ मी म्हणालो, ‘टिकून आहे.’ त्याच्याशी मी पहिल्यांदाच खोटं बोललो.

पाकीट आलं तेव्हा मी तिथेच होतो. काकांनी ते हातात घेऊन तोललं. जिंकल्याची बातमी एका कात्रणात मावते; हे चांगलंच जाड होतं. त्यांनी ते न उघडताच खणात ठेवलं. मग हात धुतले आणि पातेल्यापाशी गेले. त्या माणसानं जन्मात देवाला हात लावला नव्हता. त्यांनी एकेक मूर्ती बाहेर काढली, आपल्या धुतलेल्या रुमालानं पुसली, मूर्तीच्या कानामागचंही पाणी टिपलं, आणि तिन्ही देव्हाऱ्यात ठेवल्या. गणपती कडेला गेला, अन्नपूर्णेची पाठ दिव्याकडे झाली. काकू सगळं पाहत होत्या. त्या सोवळ्याओवळ्याच्या बाईनं मूर्तींची जागा बदलली नाही. ‘उगाच थंडीत बसवलं त्यांना,’ काका म्हणाले, आणि मग मात्र त्यांना आवरेना.

२००८ साली काका-काकू मुलीकडे अ‍ॅशबर्नला राहायला गेले. घर आवरताना काकूंनी ते पाकीट सामानात घेतलेलं मी पाहिलं. ते अजून बंदच होतं. मला वाटलं, आता माझे शुक्रवार मोकळे झाले. काका तिकडे राहायला गेल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी, पावणेतीनला, टेबलावरचा फोन वाजला.

‘काही कळलं का?’ काकांनी विचारलं.

काका सगळं विसरले की काय, म्हणून मी क्षणभर घाबरलो. पण त्यांच्या आवाजात हसू होतं. त्यांना सगळं माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही माहीत होतं. तरी ते माझ्या उत्तरासाठी थांबले होते.

‘अजून नाही, काका,’ मी म्हणालो. ‘पाऊस आहे तिकडे. मॅच थांबलीय.’

पलीकडे त्यांनी श्वास सोडलेला ऐकू आला. मग, मी ओळखायला लागल्यापासून ज्यांना कधी निश्चिंत पाहिलं नव्हतं, ते काका अगदी सावकाश म्हणाले, ‘थांबू दे. घाई नाही.’