सीमेची रेघ

न्यू जर्सीतल्या एका सरकारी कचेरीत माझ्या शेजारी एक म्हातारा ड्राफ्ट्समन बसायचा. तो मतदारसंघांच्या सीमा आखायचा आणि रेघ ओढताना श्वास रोखून धरायचा. मी अमेरिकेचा नागरिक झाल्याचं तिथे कुणालाच सांगितलं नव्हतं. तरी एकदा मान वर न करता तो म्हणाला, "यंदा पहिलंच मत ना तुमचं? आत गेल्यावर ते बदलाल."

मला राग आला. पण मतदानाच्या दिवशी मतदानयंत्राचा पडदा ओढून ठरलेल्या नावाची कळ खाली केली, आणि का कोण जाणे, ती पुन्हा वर करून दुसरीच दाबली. हे बायकोलाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने नकाशा उघडला. माझ्या घरापुढची सीमारेषा खोडली आणि घरामागून ओढली. मी शेजारच्या मतदारसंघात गेलो होतो.