मातीचं विरजण

माझ्या सासऱ्यांची नखं पांढरीशुभ्र झाली आहेत, हे मला एका रविवारी चहाचा कप त्यांच्या हातात देताना दिसलं. मी लग्न करून मोशीत आले तेव्हापासून त्या नखांत माती होती. आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ती दिसते. मी पिंपळे गुरवच्या दोन खोल्यांत वाढलेली, वडील सरकारी ऑफिसात. त्यामुळे सुरुवातीला मला त्या नखांची किळस यायची, खोटं कशाला बोलू. आणि त्या रविवारी ती स्वच्छ नखं बघून मला रडू आलं. स्वयंपाकघरात जाऊन मी उगाच ओटा पुसत राहिले.

नखं अशी का झाली, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मोशीतली आमची बरीचशी जमीन रस्त्यात आणि इमारतींत गेली. त्यातल्याच एका इमारतीत, सहाव्या मजल्यावर, आम्ही राहतो. उरलं होतं वीस गुंठ्यांचं एक शेत, आमच्या गॅलरीतून दिसणारं. ते तीन वर्षं रस्त्याच्या ठेकेदाराकडे होतं; खडी, सिमेंट, डंपर, सगळं तिथेच. जागा परत मिळाली त्या दिवशी मामा, म्हणजे माझे सासरे, तिथे गेले, टाचेने जमीन ठोकली, आवाज ऐकला आणि घरी आले. "माती मेली," एवढंच म्हणाले. त्यानंतर ते शेताकडे फिरकले नाहीत. सोसायटीच्या बाकावर बसायचे, तेही शेताकडे पाठ करून.

गणपतीत एक माणूस आला. चाकणच्या कंपन्यांचे कंटेनर वाहणारे ट्रेलर उभे करायला त्याला जागा हवी होती. मुरूम टाकणार, रोलर फिरवणार, तारेचं कुंपण घालणार. माणूस वाईट नव्हता. आरतीला थांबला, दोन मोदक खाल्ले. मामा म्हणाले, "घ्या की. मेल्याला काय राखायचं?" नवऱ्यानेही मान डोलावली.

आणि मी बोलून बसले, "मला एक हंगाम द्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या हातची तुळस दोनदा वाळली आहे, आणि ही गोष्ट आमच्या घरात आल्यागेल्याला सांगितली जाते. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं नवरा नंतर म्हणालाच. पण मामांनी मला बराच वेळ न्याहाळलं. "एक हंगाम," ते म्हणाले. "हरभरा टाक. न्हाई आला तर होळीला रोलर." पार्किंगवाला हसला आणि होळीपर्यंत थांबायला तयार झाला.

मी चाकणच्या एका कंपनीत धातू तपासायच्या लॅबमध्ये काम करते. गिअरचा तुकडा कापायचा, आरशासारखा घासायचा, त्यावर ॲसिड फिरवायचं आणि मायक्रोस्कोपखाली पोलादाची वीण बघायची. बोटाचा ठसा उमटला तरी नमुना बाद. त्या कामाने माझा स्वभाव असा झाला, की स्वभाव असा होता म्हणून ते काम जमलं, यावर नवऱ्याची आणि माझी चर्चा अजून संपलेली नाही. सांगायचं ते एवढंच, की मी हरभऱ्याचीही फाइल केली.

जेसीबीने मुरूम आणि सिमेंटचा थर खरवडून काढला. खोल नांगरट केली. ढेकूळ फोडलं तर आत एक मुंगीसुद्धा नव्हती, वासही नव्हता. चऱ्होलीच्या एका गोठ्यातून दोन ट्रॉली शेणखत आणलं. मी ते पसरायला निघाले तेव्हा मामा पहिल्यांदा शेतात आले आणि ढिगात कोपरापर्यंत हात घातला. "तूबी घाल," म्हणाले. मी ग्लोव्हज शोधायला लागले. "तसाच घाल, पोरी." आत चांगलंच गरम होतं. "कच्चं हाय अजून, पीक जाळंल. पाणी मार, वरखाली कर, थंड झालं की मग पसर." एवढं सांगून ते बाकावर परत गेले आणि जाण्याआधी सोसायटीच्या नळावर हात धुतले.

दिवाळीनंतर पेरणी ठरली. कृषी सेवा केंद्रातून मी जिवाणू खताची पाकिटं आणली. आत काळी, कोळशासारखी भुकटी होती. हे जिवाणू हरभऱ्याच्या मुळांवर गाठी करतात आणि हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. सकाळच्या शिफ्टला जाताना पाकिटं स्कूटरच्या डिकीत टाकली, सुटल्यावर तशीच घेऊन आले. नळाच्या स्वच्छ पाण्यात गूळ विरघळवला, भुकटी कालवली, आणि बियाण्याला बुरशी नको म्हणून त्यातच बुरशीनाशकही घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेरलं. मामा बांधावर उभे होते. त्यांनी काही सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, हेही खरं.

उगवण छान झाली. मी ऑफिसात फोटो दाखवत हिंडले. मग चौथ्या आठवड्यात रोपं पिवळी पडायला लागली. एके सकाळी गॅलरीतून बघितलं तर सगळं शेत आजारी माणसाच्या तोंडासारखं फिकट, आणि बांधाच्या कडेने मात्र चार हात रुंदीचा एक पट्टा काळपट हिरवा. मला वाटलं, तिथे सावली पडली असेल. दुपारी बघितलं तरी पट्टा तिथेच होता.

मी खुरप्याने सहा ठिकाणची रोपं मुळासकट काढली, प्लास्टिकच्या पिशव्यांत भरली, चिठ्ठ्या लावल्या आणि लॅबमध्ये नेली. जेवणाच्या सुट्टीत टेबलावर पसरून बसले. पाच पिशव्यांतली मुळं सरळ, बोडकी. सहाव्या, म्हणजे त्या हिरव्या पट्ट्यातल्या मुळांवर मटकीएवढ्या गाठी लगडलेल्या. माहितीपत्रकातल्या गाठींचा मला विसरच पडला होता; मला तो रोग वाटला. खरंच वाटला. शेजारच्या भट्टीवर काम करणारा लातूरकडचा ऑपरेटर रिपोर्ट न्यायला आला होता, तो थबकला.

"मॅडम, ह्या गाठी हायत की," तो म्हणाला. "एक फोडून बघा. लाल निघाली तर कामाला लागलीया म्हणायचं. पांढरी निघाली तर नुसती बसून खातीया."

मी ब्लेडने एक गाठ कापली आणि भिंगाखाली धरली.

लाल होती. बोटाला टाचणी टोचल्यावर थेंब येतो तसला लाल. मी दुसरी कापली, तिसरी कापली. तो म्हणाला, "आता बास करा मॅडम, बिचारीला काम करू द्या," आणि रिपोर्ट घेऊन गेला. मी डबा उघडलाच नाही.

त्या लाल रंगाबद्दल मी नंतर वाचलं. आपल्या रक्तातल्या रंगाचा तो जवळचा नातलग आहे. त्यात लोह असतं. मी बारा वर्षं लोखंड कापतेय, घासतेय, त्याची वीण ओळखून पोटाला खातेय, आणि हरभऱ्याच्या मुळात लोखंड कामावर आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते काय काम करतं? गाठीतल्या जिवाणूंना प्राणवायू बेताबेताने पुरवतं, कारण जास्त झाला तर त्यांचं नत्राचं काम बंद पडतं. आमच्या कंपनीतही नत्राचंच काम चालतं. पोलादाच्या पृष्ठभागात नत्र मुरवायला पाचशे अंशांच्या वर भट्टी तापवावी लागते, अमोनिया सोडावा लागतो, शिफ्टमागून शिफ्ट त्या भट्टीवर जातात. आणि इथे मोशीत, मार्गशीर्षातल्या थंडगार मातीत, डोळ्यांना न दिसणारा एक जीव हवेतला नत्र धरून झाडाला देतो. भट्टी नाही, आवाज नाही. झाड त्याला बदल्यात साखर देतं, बस्स. मला हे वाचून बसल्या जागी अंगावर काटा आला. देवळात हात जोडताना माझं मन कुठेही भटकतं, पण त्या दिवशी मी त्या कापलेल्या गाठीला मनोमन हात जोडले. ज्या जमिनीवर मी इतकी वर्षं चपला घालून उभी राहिले तिच्याबद्दल मला काहीही ठाऊक नव्हतं, आणि याची लाज वाटण्याऐवजी आनंदच झाला.

लाज नंतर वाटली. कंपनीत चूक सापडली की आम्ही 'का' हा प्रश्न पाच वेळा विचारतो. इथे दोनदा विचारावा लागला. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: थंड जागी ठेवा. मी ती पाकिटं अख्खी शिफ्ट उन्हातल्या डिकीत शिजवली होती. त्यातून जे वाचले असतील त्यांना जंतू मारायचं औषध घातलेलं नळाचं पाणी पाजलं. तरीही कुणी उरला असेल म्हणून वर बुरशीनाशक. जिवंत वस्तू मी सुट्या भागासारखी हाताळली होती. स्वच्छतेने मारलं मी त्यांना.

पण मग हिरव्या पट्ट्यात गाठी आल्या कुठून? बियाणं तेच, खत तेच, पाणी तेच. संध्याकाळी मी मामांसमोर ती मुळं ठेवली आणि विचारलं. त्यांनी चष्मा लावला, गाठींवरून अंगठा फिरवला.

"लागलं की," ते पुटपुटले.

"काय लागलं?"

मामांनी इकडेतिकडे बघितलं. मग हळूहळू बोलले. पेरणीच्या आदल्या दिवशी मी कंपनीत असताना ते बसने इंद्रायणीपलीकडे त्यांच्या बहिणीच्या शेतात गेले होते. त्या शेतात वर्षानुवर्षं हरभरा होतो. तिथली दोन पिशव्या माती त्यांनी आणली आणि पहाटे, आम्ही यायच्या आत, बांधाच्या कडेने पसरली. दोन पिशव्यांत तेवढाच पट्टा झाला.

"आमी आधी असंच करायचो. नव्या रानात हरभरा टाकायचा तर जुन्या रानाची माती आनायची. दुधाला विरजण लागतं, तसं. कंडक्टर इचारत व्हता, बाबा पिशवीत काय हाय? म्या म्हनलं, विरजण. त्येनं तिकीट न्हाई लावलं."

"मग मला का नाही सांगितलं, मामा?"

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "मेली म्हनलो व्हतो ना म्या. समद्यांम्होरं. मग कंच्या तोंडानं सांगू?"

मला त्यांचा राग यायला हवा होता, कारण आधी सांगितलं असतं तर ट्रॉलीभर माती आणता आली असती आणि अख्खं शेत हिरवं झालं असतं. पण बाकावर पाठ करून बसणारा तो माणूस मनातल्या मनात शेताकडेच तोंड करून बसला होता, हे कळल्यावर राग कसला येतो?

पुढच्या रविवारी नवऱ्याच्या गाडीची डिकी मामांच्या त्या बहिणीच्या, म्हणजे आत्याबाईंच्या, शेतातल्या मातीने भरून आणली. मी नवं पाकीट आणलं, या वेळी जेवणाच्या डब्याच्या पिशवीत, बर्फाच्या पुडीशेजारी. पाणीही आत्याबाईंच्याच विहिरीचं, नळाचं नाही. माती, जिवाणू आणि थंड झालेलं शेणखत कालवून ओळीओळीने रोपांच्या बुंध्याशी दिलं आणि हलकं पाणी सोडलं. मामा उकिडवे बसून हाताने कालवत होते. मीही ग्लोव्हजशिवाय. उशीर झालाय, पूर्ण साधणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मला चैन पडेना. चार दिवसांनी मी खुरपं घेऊन निघाले, तर मामांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "दही लागलं का म्हनून घडीघडी भांडं हलवून बघतीस व्हय? मग लागंल कसं ते?" मी परत फिरले. फुलं येईपर्यंत त्यांनी मला एकही रोप उपटू दिलं नाही.

फुलं आल्यावर त्यांनीच मधल्या ओळीतलं एक रोप काढलं. वरच्या मुळांवर थोड्या, बारीक गाठी होत्या. त्यांनी नखाने एक फोडली आणि मला दाखवली. लाल होती. त्याच खड्ड्यात एक गांडूळ वळवळत होतं. मूठभर माती मी नाकाशी नेली, तर तिला वास आला होता. ओलसर, जुन्या कणगीत येतो तसा. तीन वर्षं सिमेंटखाली राहिलेल्या जागेला वास येतो, यावर माझा विश्वास बसेना. मी नवऱ्यालाही हुंगायला लावलं.

पीक काही डोळे दिपवणारं आलं नाही. हिरव्या पट्ट्यात घाटे भरलेले, बाकी ठिकाणी बेताचे. पोती मोजायला एका हाताची बोटं पुरली. मामांनी हरभरा उपटू दिला नाही, विळ्याने कापायला लावला. गाठींसकट मुळं आतच राहिली पाहिजेत, म्हणाले.

होळीच्या आदल्या दिवशी पार्किंगवाला आला. रोलर रस्त्याच्या कडेला उभा केला होता, हातात टेप. मी आणि मामा रानातच होतो. त्याने कापलेल्या रानावरून आणि बांधावरच्या पोत्यांवरून नजर फिरवली.

"काका, पीक तर बेताचंच आलेलं दिसतंय."

"व्हय, बेताचंच."

"मग उद्यापासून मुरूम टाकायला घेऊ?"

मला वाटलं, आता मीच काहीतरी बोलावं. फाइलमध्ये सगळं होतं. पण मामा गुडघ्यावर हात ठेवून उठले. हात झटकले, तरी नखांत माती तशीच राहिली, काळीभोर, लग्नाच्या फोटोत आहे तशी. मला पुन्हा रडू यायला लागलं, आणि या वेळी मी तोंड लपवलं नाही.

"रोलर घेऊन जा, राव," मामा म्हणाले. "विरजण लावलंय. आता हे भांडं हलवायचं न्हाई."